उंबरा

चिमाबाईचं घर डिंभे धरणात बुडालेलं. वैशाखात पाणी उतरलं, की ते चौथऱ्यापुरतं उघडं पडायचं आणि ती चिखल तुडवत जाऊन आपल्या दगडी उंबऱ्याला हळदकुंकू वाहून यायची. यंदा सोबत लेक होती. मोहिनी कोकणच्या किनाऱ्यावर समुद्राची पातळी मोजायच्या नोकरीत होती.

“तुझ्या समुद्राचं पाणी कवा उतरतं गं?” उंबऱ्यावरचा गाळ पदरानं पुसत चिमाबाईनं विचारलं.

“रोजची ओहोटी सोडली, तर उतरत नाही, आई. दरवर्षी तांदळाच्या दाण्याएवढं चढतंच.”

“आन् काठावरची घरं?”

“जातायत हळूहळू पाण्यात.”

चिमाबाईचा कुंकवाचा हात थांबला.

“म्हंजी त्या बायांना त्यांचा उंबरा परत दिसायचाच न्हाई?”