मॅविससाठी चार ओळी

"बचावाची बोट पुन्हा उगाच गेली," ठाण्याचा व्यवस्थापक रसेल दारातूनच म्हणाला. "त्या माणसाला नुसती भरतीची वेळ हवी होती."

ब्रायनीने मान खाली घातली. चूक तिचीच होती. टास्मानियाच्या दक्षिण टोकाच्या केल्प बे बंदरात, रेडिओ ठाण्यावर एआय एजंट बसवायचं काम तिच्याकडे होतं. मच्छीमार बोटीवरून बोलायचे. एजंट ऐकायचा आणि हाताशी असलेल्या साधनांतलं एक उचलायचा. भरतीचं वेळापत्रक, बोटींची नोंद, बचावाची बोट. कुठलं साधन कशासाठी, हे त्याला ब्रायनीच्या वर्णनावरूनच कळायचं. बचावाच्या बोटीपुढे तिने लिहिलं होतं, 'समुद्रावरच्या माणसाला मदत'. आता वेळ सांगणं हीसुद्धा मदतच की! चार धडधाकट माणसं नाश्ता टाकून धावली ती त्या एका शब्दापायी.

तिने नवं वर्णन लिहिलं. बोट बुडत असेल, बंद पडली असेल किंवा कुणी जखमी असेल, तरच. चौकशीसाठी नाही.

"काय खोडतेयस गं एवढं?" मॅविसने विचारलं.

मॅविस गेली एकतीस वर्षं इथे रेडिओवर होती. समोरच्याने तिच्याकडे तोंड करूनच बोलायचं, हा तिचा दंडक. पाठ फिरवून कुणी बोललं की म्हणायची, मी काय तुमची खुर्ची आहे का, पाठीने बोलायला? मच्छीमारांनाही तिने शिस्त लावली होती: सगळं सावकाश सांगायचं, दोनदा सांगायचं. किटलीची शिट्टी वाजत राहायची आणि ही रेडिओशी अशी एकजीव झालेली, की उठून गॅस बंद करायचा तो ब्रायनीनेच.

ब्रायनीने खुर्ची वळवली. "साधन काय करतं ते सगळेच लिहितात, मॅविस. काय करत नाही, ते लिहायचं राहून जातं. आणि घोळ तिथेच होतो."

मॅविस तिच्या तोंडाकडे बघत राहिली. "बरोबर आहे तुझं," ती हळूच म्हणाली.

शेवटचं साधन म्हणजे मॅविस स्वतः. एजंटाचं अडलं की त्याने तिला विचारायचं. रसेलने स्पष्टच सांगितलं होतं: दोन आठवडे बघू. एजंटाला तिची गरज लागली तर खुर्ची राहील, नाही लागली तर महिनाअखेर मॅविस घरी. घरी मॅविसचं कोण होतं? एक आंधळं मांजर.

म्हणून मॅविसच्या वर्णनाच्या चार ओळी ब्रायनीने जीव ओतून लिहिल्या. आवाज अस्पष्ट असेल, वारा असेल, माणूस घाबरलेला असेल, तर मॅविसला बोलावावं. हिच्यासारखा कान या किनाऱ्यावर कुणाचा नाही. जुलैत इंजिन बंद पडून लिऑनची बोट भरकटली, तेव्हा त्याची हाक हिनेच ऐकली.

ते खरंच होतं. दुपारी चारला मॅविसने हाक टिपली आणि अंधार पडायच्या आत लिऑन किनाऱ्याला लागला. गारठलेला, घसा बसलेला. मी सकाळपासून ओरडतोय, असं म्हणत होता बिचारा. त्याचा जुनाट रेडिओ खराब झाला असणार, असं सगळ्यांनी ठरवलं. लिऑनने नवा रेडिओ घेतला आणि मॅविसला आख्खी क्रेफिश, ती महागडी शेवंड, आणून दिली. ती तिने खाल्ली नाही, मांजराला घातली. त्यावरून बंदरात सगळ्यांनी तिची खूप टर उडवली होती.

ठाण्याची एक रीत होती: ज्याचं काम, त्याने आपलं वर्णन शेवटचं वाचायचं आणि पक्कं करायचं. मॅविसने त्या चार ओळी चष्मा लावून तीनदा वाचल्या.

"लिहितेस छान," ती म्हणाली. "एखाद-दुसरा शब्द बदलू ना?"

"तुमचंच आहे. बदला की," ब्रायनी म्हणाली आणि चहा करायला गेली. परत आली तेव्हा मॅविसने ते पक्कं करून टाकलं होतं.

दोन आठवडे ब्रायनी रोज सकाळी आधी एजंटाने मॅविसला किती वेळा बोलावलं तो आकडा बघायची. शून्य. वारा सुटला, शून्य. एकदा तर लाटांच्या आवाजात शब्दही लागत नव्हते. एजंटाने मॅविसला सोडून बचावाच्या बोटीच्या प्रमुखाला हाक दिली. मॅविस समोर बसून स्वेटर विणत होती.

शेवटच्या दिवशी रसेलने कपाळ चोळलं. मलाही वाईट वाटतंय, पण ठरलं ते ठरलं, म्हणाला. मॅविसने विणकाम पिशवीत भरलं, ब्रायनीच्या गालाला हात लावला आणि निघाली. ब्रायनीने मागून दोनदा हाक मारली. ती वळली नाही.

ब्रायनीला एजंटाचा असा राग आला की बस. एवढं स्वच्छ लिहिलेलं ह्याला कळू नये? तिने तरातरा ते वर्णन उघडलं.

तिच्या चार ओळी तिथे नव्हत्या. तिथे लिहिलं होतं:

'मॅविस. खडक, प्रवाह, जुन्या बोटी यांबद्दल विचारावं. ऐकण्यासाठी कधीही बोलावू नये. लिऑन जुलैत सकाळी दहापासून हाका मारत होता आणि ही रेडिओसमोरच बसली होती. त्याच्या रेडिओला काहीही झालेलं नव्हतं.'