पिल्लाचं रडणं

आईच्या श्राद्धाला हेवॉन सोलहून गावी आली होती. जेवण मांडलं, आणि आईला निवांत खाता यावं म्हणून दार लोटून सगळे बाहेर खालमानेनं उभे राहिले. तेवढ्यात बाबांच्या खिशातल्या फोनवरच्या खेळातलं कोंबडीचं पिल्लू रडलं, आणि बाबा लगबगीनं अंगणात धावले. “आत आई जेवतेय, आणि हे पिल्लाला दाणे टाकतायत!” दादा फणकारला. ते रडणं खेळ बनवणाऱ्या कंपनीत हेवॉननंच घडवलं होतं, तान्ह्याच्या रडण्यावरून. कुणाला कानाआड करताच येऊ नये असं. ती बाबांपाशी गेली. “बाबा, लोकांना सवय लागावी म्हणून मीच त्याला रडवते. काढून टाकू?” “ठाऊक आहे गं, म्हणून तर धावतो. तुझा फोन येत नाही. हे रडलं की वाटतं, पोरीनं हाक मारली.” आत आईला चाहूल लागावी म्हणून, रीतीप्रमाणे दार उघडण्याआधी दादा खाकरला. बापलेक जागची हलली नाहीत.