फुलोरीचं पोळं

"कारखानीस, ती फुलोरी माशी आहे हो. सहसा कुणाला चावत नाही बिचारी," मी हळूच म्हणालो.

"मग काढायला सोपंच की," म्हणत आमच्या सेक्रेटरींनी जास्वंदीची फांदी तळहाताएवढ्या पोळ्यासकट कापली आणि कचऱ्यात टाकली.

त्याच जोशात ते गच्चीवर गेले. तिथे टाकीला आग्यामोहोळ लागलं होतं. थोड्याच वेळात डोकं धरून, बोंबलत खाली आले. तोंड भोपळ्यासारखं सुजलं होतं.

सूज उतरली तशी गच्चीच्या दाराला पाटी लागली: 'मधमाश्या निसर्गाची देणगी आहेत. त्यांना त्रास देऊ नये.' सोसायटीच्या सभेत कारखानिसांनी मधमाश्यांच्या संवर्धनावर भाषणही ठोकलं. आम्ही टाळ्या वाजवल्या.

घरी आलो, तर वरच्या मजल्यावरच्या कारखानिसांच्या न्हाणीघरातलं पाणी नेहमीसारखं आमच्या छतातून गळत होतं. खाली बादली लावत मी म्हणालो, "उद्या परत एकदा विनंती करून बघतो."

"पुरे झाल्या तुमच्या विनंत्या," बायको चपला घालत म्हणाली. "आज मी जाते."

तिचा आवाज जिन्यातून खालपर्यंत ऐकू आला.

संध्याकाळी प्लंबर आला. त्याची शिडी कारखानिसांनी स्वतः धरली होती.