गिऱ्हाइकाची साडी

“मिरजेत फॉल-पिकोवाले संपले की काय?” संयोगितानं हसत विचारलं.

“आहेत की. पण क्रेपला तुमचाच हात हवा म्हणे. खास सांगून पाठवलंय मला.” ज्ञानदानं मोरपंखी साडीची घडी टेबलावर ठेवली. या महिन्यातली तिची ही तिसरी क्रेप.

“एवढ्या साड्या घेतं कोण?”

ज्ञानदा लाजली. “आहेत एकजण. त्यांना क्रेपच आवडते. उद्या संध्याकाळी नेते हं.”

ती गेली तरी संयोगिता घडीवरून हात फिरवत राहिली. क्रेप मशीनखालून निसटायची, जरा ओढली की चुण्या पडायच्या. पण अंगावर आली की तिच्यासारखी शहाणी तीच! ना खळ, ना इस्त्री. निऱ्या आपसूक बसायच्या आणि बाई शेलाटी दिसायची.

कोण कुठली ही ज्ञानदा, आणि तिच्यासाठी कुणीतरी दुकानात उभं राहून रंग निवडतं. इथं लग्नाला अकरा वर्षं झाली. काल संयोगिता नवी साडी नेसून पुढ्यात उभी राहिली, तर नवरा विश्वजीत म्हणाला, “जरा बाजूला हो, बातम्या दिसंनात.”

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत फॉल लागला, पिको झालं. संयोगिता पडद्यामागं गेली आणि मोरपंखी क्रेप नेसूनच बाहेर आली.

हातशिलाई करणाऱ्या हरणाबाईंची सुई थांबली. “आगं बया! गिऱ्हाइकाची साडी?”

“दोन तासांत येते मावशी. मिरजेला जाऊन.”

“मिरजेला? आन् ती बाई मिरजेचीच न्हवं? गाठ पडली म्हंजी? दुकान बसंल की गं!”

“एकदा ह्यांना कचेरीत जाऊन दाखवायचीय. मी पण दिसते म्हणावं कुणीतरी.”

हरणाबाईंनी तिला आपादमस्तक न्याहाळलं. “दिसतीस खरी लय भारी. जा. पर पदराला डाग लावू नगंस.”

बसमध्ये संयोगिता बसलीच नाही. साडी चुरगळेल म्हणून उभी राहिली. मिरजेत उतरल्यावर प्रत्येक बाईत तिला ज्ञानदा दिसू लागली. औषधांच्या दुकानाशी एकजण वळून बघायला लागली, तशी हिनं पदर डोक्यावरून पुढं ओढला आणि झपाझप चालत सुटली.

विश्वजीतच्या विमा कचेरीसमोर ती पोचली तेव्हा जेवणाची सुट्टी नुकतीच झाली होती. माणसं बाहेर पडत होती. तिचा सगळा धीर सुटला. हसले तर? कुणाची साडी म्हणून विचारलं तर? ती पटकन पाठ फिरवून कडुलिंबाखाली उभी राहिली. एवढी आलेय तर एकदा बघू देत, मग काय बोलायचं ते बोलू देत.

मागं ओळखीची पावलं वाजली. जवळ येऊन थांबली. ती पाठमोरीच उभी राहिली.

आवाज विश्वजीतचाच होता. पण इतका मऊ, की अकरा वर्षांत तिनं तो तसा कधी ऐकला नव्हता.

“लगेच नेसलीस पण? म्हटलं नव्हतं, हा रंग तुलाच शोभेल म्हणून, ज्ञानदा?”