परत बोलावलेली

“सहा महिन्यांनी येते, असं सांगून टाकते त्यांना,” सुरुची म्हणाली आणि बाकावरून उठली.

शेजारी तिच्या सासूबाई बसल्या होत्या. श्यामलाबाईंनी सुनेचा हात धरला नाही, की ‘बस’ असंही म्हटलं नाही. फक्त विचारलं, “डॉक्टर सहा महिने म्हणाल्या का?”

“नाही. आजच करून घ्या म्हणाल्या. पण ठरवायचं तुम्हीच, असंही म्हणाल्या.”

बागबाजारातल्या त्या तपासणी केंद्रात सकाळपासून गर्दी होती. सुरुचीच्या कंपनीने चाळिशी उलटलेल्या बायकांसाठी स्तनांची तपासणी ठेवली होती. सगळ्या जणी हसतखेळत करून आल्या. बाकीच्यांना ‘सगळं ठीक’ असा निरोप आला, सुरुचीला मात्र परत बोलावलं. मघाशी डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर चित्र दाखवून हिंदीत समजावलं होतं. उजव्या बाजूला एक डाग आहे, पण तो कसला ते या चित्रावरून कळत नाही. परत बोलावलेल्या बहुतेक जणींचं काही निघत नाही. पण ‘काही नाही’ म्हणायलाही आधी नीट बघावं लागतं. जवळून आणखी एक चित्र काढू, सोनोग्राफी करू. गरज वाटली तरच सुईची तपासणी.

सुरुचीच्या डोक्यात तेवढी ‘सुई’ राहिली. तिची मावशी अशीच तपासायला गेली आणि वर्षाच्या आत संपली. मावशी उशिरा गेली होती, हे सुरुचीला पक्कं ठाऊक होतं. तरी मन ऐकत नव्हतं. नवरा, अनिकेत, सुट्टी टाकतो म्हणाला, तर तिनेच त्याला हावड्याला कारखान्यात पिटाळलं. सासूबाई मात्र न विचारता चपला घालून दारात उभ्या राहिल्या.

सासरे गेल्यावर श्यामलाबाई साताऱ्याहून इथे राहायला आल्या. बंगालीचा गंध नसताना भाजीवाल्याशी चक्क मराठीत घासाघीस करत आणि जिंकून येत. सकाळी एकट्याच नदीच्या घाटापर्यंत फिरून येत. सुरुचीला त्यांचं कौतुक होतं. पण या बाबतीत त्यांना काय कळणार, असंही तिला वाटत होतं. तरी तिने विचारलं.

“आई, तुम्हीच सांगा ना. काय करू?”

“ते मी कसं सांगू? अंग तुझं आहे.” श्यामलाबाई म्हणाल्या. “पण सहा महिने काय करशील ते सांग.”

“म्हणजे?”

“जेवशीलही, कामालाही जाशील. पण आंघोळ करताना हात तिथेच जाईल. लेक काहीतरी सांगत असेल आणि तुझं लक्ष नसेल. ते चालणार असेल तर चल, घरी जाऊ. मी पुन्हा विषय काढणार नाही.”

सुरुची खाली बसली. काल संध्याकाळीच नूपुर शाळेतलं काहीतरी सांगत होती. काय सांगत होती, ते तिला आता काही केल्या आठवेना.

“आणि वाईट निघालं तर?”

“तर ते आजही आहेच, सुरुची. तू बघितलंस म्हणून ते येणार नाही.” मग त्या आवाज उतरवून म्हणाल्या, “हे बघ, तपासायचं माझंही राहिलंय. तुझे सासरे गेल्यापासून टाळतेय. परक्या गावात कुणाला सांगू, कुठे जाऊ, असं झालं. आधी तू करून ये, मग मी करते.”

आपल्याला धीर यावा म्हणून आई काहीतरी बोलताहेत, हे सुरुचीच्या लक्षात आलं. पण धीर आला खरा. ती उठली, नोंदणीच्या खिडकीपाशी गेली आणि म्हणाली, “आजच करते.”

चित्र काढताना थोडं दुखलं. सोनोग्राफीला डॉक्टर स्वतः बसल्या. सुरुची छताकडे बघत राहिली. मग त्यांनी पडदाच तिच्याकडे वळवला.

“पाण्याची साधी गाठ आहे. सुईची काही गरज नाही. पुढच्या वर्षी नेहमीसारख्या या.”

सुरुची बाहेर आली ती डोळे पुसतच. “आई, काही नाही निघालं! चला, घरी जाऊ.”

“देव पावला,” श्यामलाबाईंनी तिच्या गालावरून हात फिरवला. “पण घरी काय? माझं व्हायचंय ना.” आणि त्या पदर सावरून उठल्या.

भाषेची अडचण नको म्हणून सुरुची त्यांच्याबरोबर आत गेली. यंत्रापाशी उभी असलेली मुलगी हसून हिंदीत म्हणाली, “घाबरू नका, मासिमा. दोन्ही बाजूंची दोन-दोन चित्रं काढायची आहेत.” सुरुची ते मराठीत सांगू लागली, तोच श्यामलाबाईंनी तिला हाताने थांबवलं. ब्लाउजची बटणं सोडता सोडता त्या शांतपणे म्हणाल्या,

“तिला सांग, एकाच बाजूची काढ. डावी ऑपरेशन करून काढून टाकलीय. अनिकेत चौथीत होता तेव्हा. लहान होता म्हणून त्याला सांगितलं नाही, आणि मग ते राहूनच गेलं.”

सुरुचीने विचारलं, “मघाशी... मघाशी का नाही बोललात?”

“मघाशी तुला आणखी घाबरवू?” श्यामलाबाई हसल्या. “आणि तोंड काय पाडतेस? त्याची दहावी, तुमचं लग्न, नूपुरचं बारसं, सगळं त्यानंतरचंच आहे.”