वनमालाच्या वाटचा भंडारा

महादेवाच्या देवळात मोहनरावांनी ताट फिरवायला घेतलं. ताटात बेलाची पानं अन् हळदीचा भंडारा. तो उचलला की शब्द फिरवायचा न्हाई, गावात आसंच चालत आलेलं. उद्या उपसरपंचाची निवड होती. मोहनरावांच्या पोराकडं, अमरसिंहाकडं, पाच मेंबर. समोर उभ्या शिवकन्याकडं चार. एक जरी इकडचं तिकडं झालं, की खेळ खलास.

"इमानाला जागा, बाबांनो," मोहनराव म्हणले. "गद्दारी नको."

दोन गडी मेंबर होते, त्यांनी उचलला. तिघी बाया मेंबर खांबाला टेकून बसलेल्या. ताट त्यांच्याकडं गेलंच न्हाई, त्यांच्या नवऱ्यांपुढं गेलं. वनमालाचा नवरा रामहरी तर ताट यायच्या आधीच पुढं सरकला. कपाळभर भंडारा फासला अन् वरून म्हणला, "मालक, आमचं घर तुमचंच हाय."

ताट देवापुढं ठेवलं. समदे चपला शोधायला लागले.

"चला, चहा सांगितलाय," अमरसिंह म्हणला.

"मामा," वनमाला बसल्या जागेवरून मोहनरावांना म्हणली, "शपथ ह्यांनी घेतली. पर मत तर माझं हाय."

रामहरी वस्सकन वळला. "गप बस. एकच हाय ते."

"एक कसं? उद्या आत मला एकटीलाच सोडत्यात. तुमी भाईर उभे."

कुणीतरी हसलं अन् लगेच गप झालं. मोहनरावांनी स्वतः ताट उचललं, वनमालापुढं धरलं. आवाज लई गोड काढला. "चुकलंच बघ माझं. घे सूनबाई, उचल."

वनमालानं हात पदराखालीच ठेवले.

"आमी ऊसतोडीला गेल्तो, तवा माझ्या दोन्ही पोरी शिवकन्यानं संभाळल्या, मामा. धाकटीला कांजण्या आल्या तर रातभर मांडीवर घेऊन बसली. तिनं न्हाई कुणाला भंडारा उचलायला लावला."

"म्हंजी मत तिला?" अमरसिंह तडकला.

"व्हय."

ताट तसंच धरलेलं राहिलं. शेजारी बसलेल्या दुसऱ्या मेंबर सावित्रीबाईनं आपला नंबर आला समजून हात पुढं केला होता. तिनं एकदा नवऱ्याकडं बघितलं, एकदा वनमालाकडं. मग हात हळूच मागं घेतला.