करडा घोडा

"आजी, एसेनकुलचा मेंढवाडा कुठं होता?" चोलपोननं तिसऱ्यांदा विचारलं, आणि बूसारा आजीनं तिसऱ्यांदा तळलेल्या कणकेच्या गोळ्यांची, बोरसोकची ताटली तिच्यापुढे सरकवली.

"खा गं. गार झाले की चिवट होतात."

चोलपोन राजधानीहून, बिश्केकहून आली होती, बंद पडलेल्या युरेनियमच्या खाणीची तपासणी करायला. सोव्हिएत काळातल्या कागदावर खाणीची चार तोंडं होती. तीन सापडली. चौथ्यापुढे एवढंच लिहिलेलं: 'एसेनकुलच्या मेंढवाड्याखाली'. ओढ्याचं पाणी नासत होतं ते तिथूनच, कारण सापडलेल्या तिन्ही तोंडांचं पाणी डोंगराच्या पलीकडच्या अंगाला उतरत होतं. सफाईचा आराखडा आज चार वाजता जीपमधून निघणार होता. त्यात जे तोंड नसेल त्याला पुढची कितीतरी वर्षं कुणी हात लावणार नव्हतं.

आणि आजीच्या घरातल्या बादल्या त्याच ओढ्यावर भरत होत्या. नातसून नाझिराला सातवा महिना होता. तिचा नवरा रशियात कामाला. घरात या दोघीच.

"गावात पाच एसेनकुल होऊन गेले," गावचा मुखिया कुबात वैतागून म्हणाला. तो नदीपलीकडचा, इथं येऊन चार वर्षं झालेला. "मेंढवाडा मात्र एकाचाही कुणाला आठवत नाही. आता तुम्हीच राहिलात, आजी. तेवढ्या म्हाताऱ्या दुसऱ्या कुणी नाहीत."

"म्हातारा तुझा सासरा," आजी म्हणाली. चेहरा लालेलाल. रुमालाचं टोक तिनं तोंडावर धरलं होतं.

चोलपोनला वाटलं, म्हातारी घाबरली. खाणीच्या काळात लोकांकडून सह्या घेत, की आयुष्यात याबद्दल ब्र काढणार नाही. ती जवळ सरकली. "आजी, ते राज्य गेलं. आता तुम्हाला कुणी काही करणार नाही. बिनधास्त बोला."

नाझिरा दारात बसून बटाटे सोलत होती. ती फिसकन हसली.

"घाबरतायत कुठल्या! लाजतायत. त्यांच्या सासऱ्यांचं नाव आहे ते. तुम्ही बाई सकाळपासून त्यांच्या घरात बसून ते नाव घेताय, आणि वर त्यांनाही घ्यायला लावताय."

चोलपोननं कपाळावर हात मारून घेतला. शहरात वाढली असली तरी एवढं तिलाही कळायला हवं होतं. सून सासऱ्याचं नाव घेत नाही. नुसतं नाव नाही, नावात येणारा शब्दसुद्धा नाही. त्या मुलखात निरोप देताना सगळे म्हणतात, एसेन राहा, सुखरूप राहा. बूसारा आजी बासष्ट वर्षं म्हणत आली होती, 'धड राहा'. नवरा सैन्यात निघाला तेव्हाही तिनं 'धड राहा'च म्हटलं होतं.

"नाव नका घेऊ," चोलपोन म्हणाली. "ते... वडीलधारे मेंढरं कुठं कोंडायचे, तेवढं सांगा."

"ते होय? करड्या घोड्यावर."

कुबात ताडकन उठला. "करडा घोडा? ओढ्यावरचं ते वळण? माझी पोरं तिथं घसरगुंडी खेळतात! तिथं घोडा कुठाय, म्हणून मी शंभरदा विचारलंय."

"घोडा त्यांचा होता," आजी म्हणाली. "आम्ही पाच जावा. नाव कुणी घ्यायचं? म्हणून करडा घोडा. पोरं आमचंच ऐकून शिकली." मग तिनं हळूच पुस्ती जोडली, "जागा चांगली आहे हो. थंडीतसुद्धा बर्फ टिकत नाही. खालून ऊब येते. कोकरं मी तिथंच नेते."

चोलपोनच्या हातातला बोरसोक तसाच राहिला. डोंगराच्या पोटातून ऊब येते, म्हणजे आत पोकळी आहे.

सगळे तिकडे गेले. आजी काठी टेकत, नाझिरा पोटाला हात लावून मागं, लांबच. चारी बाजूंना मार्चचा बर्फ आणि मधोमध उघडी, ओली माती. चोलपोननं किरणोत्सर्ग मोजायचं यंत्र खाली धरलं. ते असं कडकडायला लागलं, की कुबातनं आपली पोरं आठवून डोळेच मिटले.

साडेतीन वाजले होते. चोलपोननं आराखडा जीपच्या बॉनेटवर पसरला, आणि तिचा चेहरा पडला.

"आजी, एक अडचण आहे. कागदावरची जागा आणि ही जागा एकच, हे मेंढवाडा डोळ्यांनी पाहिलेल्या माणसानं बोलून दाखवावं लागतं. नावासकट. मी फोनवर आवाज भरून घेते."

"मी बोलते की!" नाझिरा म्हणाली.

"तू ते नाव थडग्यावर वाचलंस. मेंढवाडा पाहिलास का?"

"घ्या! एका तोंडापायी दुसरं तोंड अडलं," कुबात पुटपुटला.

आजीनं नाझिराच्या पोटाकडे पाहिलं, मग ओढ्याकडे. मग टेकडीवरच्या थडग्यांकडे तोंड करून तिनं रुमाल नीट केला आणि कमरेत वाकली.

"मामंजी, रागावू नका. पाण्यासाठी घेतेय."

आणि म्हणाली, मोठ्यानं, "हा एसेनकुलचा मेंढवाडा."

आवाज पहिल्याच अक्षराला फाटला. चोलपोननं तो फोनवर भरून घेतला, चौथ्या तोंडाला लाल वर्तुळ केलं आणि बाजूला लिहिलं: सर्वांत आधी. ओढ्याचं पाणी बंद, उद्यापासून टँकर. जीप चारला पाच कमी असताना सुटली.

आजी जागची हलली नव्हती. ओठ हलत होते, नवा दात जिभेनं चाचपून बघावा तसे. मग ती वळली, नाझिराच्या पोटावर तिनं तळवा ठेवला आणि बासष्ट वर्षं अडलेला शब्द त्या बाळाला दिला.

"एसेन राहा."